जवळ जायला हरकत नाही, पण किती जवळ ते आधी लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. खाली समुद्रात राखाडी युद्धनौका, तिच्या बाजूने एक मोठं विमान अगदी पाण्याजवळून चाललेलं आणि मागे ढणाढण म्युझिक. कुठल्या देशाची नौका, कुठल्या देशाचं विमान, कधीचं, काही पत्ता नाही, खाली नुसतं "बघा कशी तंतरली" असं लिहिलेलं. पोरगा म्हणाला आजोबा तुम्ही पण असंच करायचात का, दुसऱ्यांच्या बोटींना घाबरवायचात का. मी नाही म्हटलं, पण पुढे समजावायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याकडे कोणी नीट सांगतच नाही, पेपरात पण अशी बातमी आली की "थरार", "हुसकावून लावले", "डोळ्याला डोळा भिडवला" याच शब्दांत येते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण पूर्ण छापावं ही विनंती.

मी नेव्हीत होतो, विमान उडवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नेव्हीच्या विमानतळावर काढली. तेव्हा तिथे रशियन बनावटीची आयएल-३८ होती, चार पंख्यांची, समुद्रावर टेहळणी करायची विमानं. सकाळी अंधारात निघालेलं विमान दुपारी परत यायचं. आलं की आमचं पहिलं काम त्याला अंघोळ घालणं. जे विमान खालून उडून आलंय ते लांबूनच ओळखू यायचं, समोरच्या काचेवर आणि पंखांच्या पुढच्या कडेला मिठाचं पांढरं पुट बसलेलं असायचं, बोट फिरवलं की खरखरीत लागायचं. ते गोड्या पाण्याने नीट धुतल्याशिवाय आम्ही पुढच्या कामाला हात लावायचो नाही कारण मीठ एकदा सांध्यांत शिरलं की पत्रा आतून खात जातं. पुट जाड असलं की आज हे लोक पाण्याच्या किती जवळ होते ते आम्हाला न विचारताच कळायचं.

क्रू खाली उतरायचा तेव्हा सगळे मोठमोठ्याने बोलायचे, इतके तास पंख्यांचा आवाज कानात बसलेला असायचा ना. एकदा त्यातला एक पोरगा, आमच्याच कोकणातला, चहा घेताना मला म्हणाला, आज त्या परक्या जहाजावर मागच्या डेकवर एक जण कपडे वाळत घालत होता, आमचं विमान बाजूने गेलं तसं त्याने वर बघून हात केला, मी पण खिडकीतून हात केला, मग तो परत कपड्यांकडे वळला. एवढंच. मला ते आजपर्यंत लक्षात आहे. कारण हे काम बहुतेक वेळा असंच असतं. जहाज दिसलं की एका बाजूने जायचं, पुढून, मधून, मागून फोटो घ्यायचे, नंबर वाचायचा, डेकवर काय बांधलंय, कुठला नवीन अँटेना दिसतोय, जहाज पाण्यात किती बसलंय, कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललंय हे टिपायचं आणि निघून यायचं. त्याला घाबरवायचं काही कारणच नसतं, उलट तो बिथरला तर आपल्याला हवं ते दिसत नाही.

आता पहिला गैरसमज. खूप लोकांना वाटतं की दुसऱ्या देशाच्या युद्धनौकेजवळ विमान नेणं म्हणजेच घुसखोरी. तसं नाहीये. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, एवढाच समुद्र आणि त्याच्यावरचं आकाश त्या देशाच्या मालकीचं. त्याच्या बाहेर आकाश सगळ्यांना मोकळं. २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासे, तेल, वायू यावर त्या देशाचा हक्क असतो, पण वरून विमान जायला परवानगी लागत नाही. युद्धनौका खुल्या समुद्रात असली तर ती स्वतःपुरती आपल्या देशाचा तुकडा असते, तिच्यावर कोणी चढू शकत नाही, पण तिच्या आजूबाजूचं आकाश तिच्या मालकीचं होत नाही. या २०० मैलांच्या पट्ट्यावरून मतभेद आहेत आणि ते आपले पण आहेत. परवानगीशिवाय तिथे लष्करी सराव करू नयेत असं भारताचं म्हणणं आहे, अमेरिकेला ते मान्य नाही, म्हणून तर एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या जॉन पॉल जोन्स या विनाशिकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवर येऊन मुद्दाम फेरी मारली आणि वर तसं जाहीर पण केलं, आणि आपल्या परराष्ट्र खात्याने नाराजी कळवली. पण नुसतं उडत जाऊन बघणं, ते सगळेच करतात, आपण पण करतो आणि केलंच पाहिजे.

करायलाच पाहिजे हे मी मुद्दाम लिहितोय. कारण आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना या विमानांनी काय दिलंय ते माहीतच नसतं. पुण्याच्या वाचकांपैकी किती जणांना माहितीये की एकेकाळी अरबी समुद्रावर नजर ठेवणारी विमानं लोहगाववरून उडायची? एअरफोर्सची ६ नंबरची स्क्वाड्रन तिथे होती, आधी लिबरेटर, मग एअर इंडियाने वापरून झालेली सुपर कॉन्स्टलेशन, ती प्रवासी विमानं रडार बसवून समुद्रावर पाठवायचे, १९७१ च्या लढाईत पण तीच वापरली. १९७६ ला हे काम एअरफोर्सकडून नेव्हीकडे आलं आणि दाबोळीला स्क्वाड्रन उभी राहिली. पुढच्याच वर्षी आयएल-३८ आली, ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत उडत होती. मधे १९८८ ला टीयू-१४२ आलं, ते २०१७ ला गेलं. आता पी-८आय आहेत, एकूण १२, काही तमिळनाडूत अरक्कोणमला आणि २०२२ पासून गोव्यात पण. मार्च २०२४ मध्ये रुएन जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं, १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, ती बातमी सगळ्यांनी वाचली, त्यात कमांडो दिसले, आयएनएस कोलकाता दिसली, पण त्या जहाजावर वरून नजर ठेवणारं पी-८आय फोटोत नव्हतं म्हणून कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्या घरातलं माणूस बोटीवर आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी घरं गावोगाव आहेत, त्या घरांना हे कळायला पाहिजे.

आणि या कामाची किंमत पण. १ ऑक्टोबर २००२ ला दाबोळीला आयएल-३८ च्या स्क्वाड्रनचा रौप्यमहोत्सव होता, त्या दिवशी तिथेच दोन विमानं हवेत एकमेकांना लागली, दोन्हीतले मिळून १२ जण गेले. मी तेव्हा नोकरीतून बाहेर पडलो होतो, बातमी रेडिओवर ऐकली, त्या विमानांचे नंबर ऐकून मी खाली बसलो.

आता खरा मुद्दा, जवळ म्हणजे किती जवळ. असं विमान खाली उडताना साधारण २०० नॉटने जातं असं धरा, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला शंभरेक मीटर. १५० मीटर अंतर ऐकायला ठीक वाटतं पण ते दीड सेकंद आहे. दीड सेकंदात पायलट शिंकला तरी निम्मा वेळ संपला. आणि जहाजावरचा माणूस कुठे असतो ते पण बघा. ज्याच्या हातात बटण असतं तो डेकवर कपडे वाळत घालत नसतो, तो आत अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर असतो, त्याला विमान दिसत नाही, एक ठिपका दिसतो, आणि तो ठिपका फोटो काढायला येतोय की मिसाईल सोडायला येतोय हे त्याला काही सेकंदांत ठरवायचं असतं.

हे मी मनाने सांगत नाही. मे १९८७ मध्ये इराणच्या आखातात अमेरिकेची स्टार्क नावाची नौका होती, इराकी विमान येताना त्यांना दिसलं, इराक काही आपल्याला मारणार नाही असं धरून ते थांबले, त्या विमानाने दोन मिसाईल सोडली आणि ३७ खलाशी मेले. पुढच्या वर्षी, ३ जुलै १९८८ ला, त्याच आखातात व्हिन्सेन्स नावाच्या अमेरिकन नौकेला वर येणारं विमान दिसलं, या वेळी ते थांबले नाहीत, आणि ते निघालं इराण एअरचं प्रवासी विमान, २९० माणसं, त्यात १० भारतीय होते. एकदा विश्वास ठेवला म्हणून मेले, एकदा नाही ठेवला म्हणून मारले. मधे फक्त चौदा महिने. त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी ठेवून बघितलंय, आणि प्रत्येक वेळी वाटतं की समोरच्या विमानाने काय करायचं आणि काय करायचं नाही हे आधीच दोघांना माहीत असतं तर त्या माणसाकडे धरून राहायला काहीतरी असतं.

आणि असं ठरवता येतं. ठरवलेलं आहे. २५ मे १९६८ ला नॉर्वेच्या बाजूच्या समुद्रात सोव्हिएत टीयू-१६ विमान अमेरिकेच्या एसेक्स या विमानवाहू नौकेच्या बाजूने परत परत खालून जात होतं, वळताना पंख पाण्याला लागला आणि अख्खं विमान समुद्रात गेलं, आतला एक पण वाचला नाही. सगळं अमेरिकन खलाशांच्या डोळ्यासमोर, कॅमेऱ्यात पण आलं. कोणी कोणावर गोळी झाडली नव्हती. पण जरा विचार करा, समोर चित्रीकरण नसतं तर मॉस्कोत कोणी मानलं असतं का की आमचं विमान आपणहून पडलं. बरोबर चार वर्षांनी, २५ मे १९७२ ला, मॉस्कोमध्ये दोन्ही देशांनी समुद्रावरच्या घटना टाळण्याचा करार केला, अमेरिकेकडून नौदल सचिव जॉन वॉर्नर आणि सोव्हिएतकडून अॅडमिरल गोर्शकोव यांच्या सह्या. हे गोर्शकोव म्हणजे तेच, ज्यांचं नाव असलेली नौका आपण घेतली आणि २०१३ ला विक्रमादित्य म्हणून आपल्या नेव्हीत आली.

त्या करारात काय होतं? मोठमोठे शब्द नव्हते. एकमेकांच्या जहाजांवर तोफा, मिसाईल रोखायची नाहीत, हल्ल्याची नक्कल करायची नाही, जहाजांवरून विमानाच्या कसरती करायच्या नाहीत, रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीवर, सर्चलाईट मारायचा नाही, जवळ जाताना विमानाने जास्तीत जास्त काळजी घ्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दरवर्षी दोन्हीकडच्या नेव्हीच्या लोकांनी एका टेबलाशी बसून वर्षभरात काय काय झालं ते एकमेकांसमोर मांडायचं. राजकारण्यांनी नाही, नेव्हीच्या लोकांनी. शीतयुद्धात संबंध कितीही बिघडले तरी या बैठका चालू राहिल्या. मला स्वतःला करारातल्या कलमांपेक्षा ही बैठक मोठी वाटते, कारण आपण जे केलं ते वर्षाच्या शेवटी समोरच्यासमोर बसून ऐकायचंय हे माहीत असलं की स्क्वाड्रनमधला तरुण पायलट पण दोनदा विचार करतो आणि त्याचा सीओ, म्हणजे स्क्वाड्रनचा प्रमुख, तर चारदा.

कोणी म्हणेल करार करून काय होतं, मोडतातच की. मोडतात, खरंय. एप्रिल २०१६ मध्ये बाल्टिक समुद्रात डोनाल्ड कुक या अमेरिकन नौकेजवळून रशियन सुखोई-२४ विमानं गेली, त्यातलं एक इतकं जवळ की अमेरिकेने अंतर ३० फूट सांगितलं, ३० फूट म्हणजे आपल्या तीनमजली बिल्डिंगची उंची. करार तेव्हाही लागू होता. पण त्या नौकेने गोळी झाडली नाही, व्हिडिओ काढला, जाहीर केला, आणि हे करारात बसत नाही असं बोट ठेवून सांगता आलं. बोट ठेवायला कागद होता.

कागदावर आकडा नसला की काय होतं ते जपान आणि दक्षिण कोरियाने दाखवलं. दोघंही अमेरिकेचे दोस्त, शत्रू नव्हेत. २० डिसेंबर २०१८ ला जपानच्या नोटो द्वीपकल्पाबाहेर कोरियाची विनाशिका एका अडकलेल्या उत्तर कोरियन मासेमारी बोटीला मदत करत होती, जपानचं पी-१ टेहळणी विमान बघायला गेलं. जपान म्हणालं कोरियाने आमच्या विमानावर नेम धरायचं रडार लावलं. कोरिया म्हणालं आम्ही लावलंच नाही, उलट तुम्हीच धमकावल्यासारखे खालून गेलात. जपान म्हणालं आम्ही १५० मीटरच्या खाली आणि ५०० मीटरच्या आत गेलोच नाही, म्हणजे नियमात होतो. कोरियाचं म्हणणं, तो नियम नागरी विमानांचा, लढाऊ जहाजाजवळ हत्यार नेऊ शकणाऱ्या विमानाने एवढं जवळ येणं हीच धमकी. बघा, अंतरावर भांडण नव्हतंच म्हणा ना, त्या अंतराचा अर्थ काय यावर होतं. जपानने व्हिडिओ काढला, कोरियाने उत्तराचा व्हिडिओ काढला, दोन्हीकडे लोक खवळले, आणि दोन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी पुढे असं होऊ नये म्हणून पद्धत ठरवली ती जून २०२४ ला. साडेपाच वर्षं. दीड मिनिटाच्या रेडिओ संभाषणात मिटण्यासारख्या गोष्टीला साडेपाच वर्षं.

आता आपल्याकडे येतो. खूप लोकांना ऐकून नवल वाटतं, पण भारत आणि पाकिस्तानमध्ये या विषयावर लेखी करार आहे. ६ एप्रिल १९९१ ला दिल्लीत परराष्ट्र सचिव मुचकुंद दुबे आणि पाकिस्तानचे शहरयार खान (हो, तेच जे पुढे त्यांच्या क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झाले) यांनी दोन करारांवर सह्या केल्या. एक लष्करी सरावांची आधी सूचना देण्याबद्दल, त्यात खुल्या समुद्रात एकमेकांच्या युद्धनौकांनी आणि पाणबुड्यांनी तीन सागरी मैलांपेक्षा, म्हणजे साडेपाच किलोमीटरपेक्षा, जवळ यायचं नाही असं आहे, आणि विमानांनी दुसऱ्याच्या जहाजांवरून बझ करत, म्हणजे अगदी जवळून घोंघावत, जायचं नाही असं पण आहे. दुसरा करार हवाई हद्दीबद्दल, लढाऊ आणि टेहळणी विमानांनी समोरच्याच्या हवाई हद्दीच्या १० किलोमीटरच्या आत जायचं नाही.

हे पाळलं गेलं का? नेहमी नाही. १० ऑगस्ट १९९९, कारगिल संपून महिना पण झाला नव्हता, पाकिस्तानी नेव्हीचं अटलांटिक हे टेहळणी विमान कच्छच्या सीमेवर आलं, आपल्या मिग-२१ ने पाडलं, आतले १६ जण मेले. आपण म्हणालो आत घुसलं होतं, ते म्हणाले आमच्याच हद्दीत होतं, आंतरराष्ट्रीय न्यायालयात पण गेले, न्यायालयाने आमच्या अधिकारात बसत नाही म्हणून २००० साली केस काढून टाकली. ते पाडणं मी चूक म्हणत नाही, त्या दिवसांत तिथे ते विमान येणं हीच मोठी बेपर्वाई होती. पण १६ जण माझ्यासारख्याच कोणीतरी दुरुस्त करून दिलेल्या विमानात बसून गेले होते हे पण मी विसरू शकत नाही. आणि जून २०११ मध्ये एडनच्या आखातात चाच्यांच्या तावडीतून सुटलेल्या सुएझ नावाच्या जहाजावरून, ज्यावर सहा भारतीय पण होते, पाकिस्तानची बाबर आणि आपली गोदावरी समोरासमोर आल्या, बाबर इतकी जवळून गेली की गोदावरीच्या मागच्या बाजूला घासली. दोघांनीही एकमेकांवर आरोप केले. पण भारताने निषेध नोंदवला तो याच १९९१ च्या कराराचा दाखला देऊन, तीन मैलांचा आकडा दाखवून. प्रकरण तिथेच थांबलं.

मग चीनचं काय? हा माझा प्रश्न आहे, आणि याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो. चीनबरोबर जमिनीवर आपण १९९३ ला करार केला, १९९६ ला केला, ९६ च्या करारात तर स्पष्ट आहे की लढाऊ आणि टेहळणी विमानं प्रत्यक्ष ताबारेषेच्या १० किलोमीटरच्या आत न्यायची नाहीत. लडाखच्या त्या उजाड डोंगरांसाठी आपण आकडा लिहिला. समुद्रासाठी दोघांमध्ये असा एक पण कागद नाही. १९९६ ला त्याची गरज वाटली नसेल, तेव्हा चिनी नेव्ही हिंद महासागरात दिसायची नाही. आता २००८ च्या डिसेंबरपासून त्यांची जहाजं एडनच्या आखातात ठाण मांडून आहेत, २०१७ पासून आफ्रिकेत जिबूतीला तळ आहे, संशोधनाच्या नावाखाली जहाजं येतात, २०२२ ला युआन वांग-५ श्रीलंकेत हंबनटोटाला आलं, २०२३ ला शी यान-६ कोलंबोला, २०२४ ला आणखी एक मालदीवमध्ये मालेला. आपली पी-८आय त्यांच्यावर नजर ठेवतात, सप्टेंबर २०१९ मध्ये हिंद महासागरातल्या चिनी युद्धनौकेचे त्यांनी काढलेले फोटो पेपरात छापून पण आले होते. म्हणजे आपली विमानं त्यांच्या जहाजांजवळ जातायत, हे रोजचं काम आहे, आणि ते तसंच चालू राहिलं पाहिजे. पण किती जवळ, किती उंचीवर, रेडिओवर काय बोलायचं, रडारचा नेम धरायचा की नाही, लेझर मारायचा की नाही, काहीच ठरलेलं नाही.

लेझर म्हटलं कारण ते झालंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अराफुरा समुद्रात चिनी युद्धनौकेवरून ऑस्ट्रेलियाच्या पी-८ वर लेझर मारला गेला. हे विमान आपल्या पी-८आय चंच भावंड, त्याच बोइंगचं. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण चीन समुद्रावर चिनी फायटरने तसल्याच एका ऑस्ट्रेलियन विमानाच्या समोर जाऊन अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या सोडल्या आणि त्यातल्या काही इंजिनात गेल्या. ज्याने आयुष्यभर इंजिनं उघडून बघितली त्याला विचारा ही काय गोष्ट आहे. जेट इंजिनात पक्षी गेला तरी आम्ही पाती एक एक करून टॉर्चने तपासायचो, आणि इथे कोणी मुद्दाम धातू सोडतंय. जून २०२५ मध्ये प्रशांत महासागरात चीनच्या शानडोंग विमानवाहू नौकेवरून उडालेलं फायटर जपानच्या पी-३सी टेहळणी विमानाच्या ४५ मीटरपर्यंत आलं आणि एका दिवशी ४० मिनिटं, दुसऱ्या दिवशी ८० मिनिटं मागे-पुढे करत राहिलं. ४५ मीटर! आमच्या हँगरची लांबी त्याहून जास्त होती. आज हिंद महासागरात आपल्या पी-८आय ला चिनी फायटर भेटत नाही कारण त्यांची विमानवाहू इकडे तळ ठोकून नाही. पण त्यांच्याकडे आता तीन विमानवाहू नौका आहेत, तिसरी फूच्येन नोव्हेंबर २०२५ ला सामील झाली. ती वेळ आल्यावर कागद शोधत बसणार का आपण?

लोक म्हणतील चीन कुठे करार पाळतो, गलवान विसरलात का. नाही विसरलो, वीस जवान गेले, कसा विसरेन. पण गलवाननंतर पण आपण बोलणी केलीच ना, ऑक्टोबर २०२४ ला डेपसांग, डेमचोकच्या गस्तीचं ठरलं, पुढच्या वर्षी मानसरोवरची यात्रा सुरू झाली, दोन्ही देशांमधली प्रवासी विमानं सुरू झाली. जर डोंगरातल्या गस्तीच्या वाटेवर बोलता येतं तर त्याच टेबलावर समुद्र पण ठेवा. सोव्हिएत आणि अमेरिका यांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं, १९७२ ला तर व्हिएतनाम चालू होतं, बॉम्ब पडत होते, आणि त्याच महिन्यात सह्या झाल्या.

आणि करायचाच तर अर्धामुर्धा नको. १९७२ च्या करारात मीटर लिहिलेले नाहीत, आपल्या १९९१ च्या करारात जहाजांसाठी तीन मैल आहेत पण विमानांसाठी नुसतं बझ करू नका एवढंच. बझ म्हणजे काय? जपान-कोरियाने नेमकं याच्यावर डोकं फोडून घेतलं. आकडा लिहा. उंची इतकी, अंतर इतकं, रेडिओची वाहिनी ही, नेमाचं रडार नाही, लेझर नाही, इंजिनासमोर काही सोडायचं नाही. आणि दरवर्षी नेव्हीच्या लोकांची बैठक, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. आपल्या टेहळणीला याने काही बाधा येत नाही, आजचे कॅमेरे आणि रडार इतके चांगले आहेत की आमच्या काळी ज्या फोटोसाठी मिठाचं पुट घेऊन यावं लागायचं तो आता लांबून आणि वरून मिळतो.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खासदारांना माझी विनंती आहे की संरक्षण आणि परराष्ट्र खात्याला संसदेत हा प्रश्न विचारा, चीनबरोबर समुद्रासाठी असा करार करायचा विचार आहे का, असला तर कुठपर्यंत आलाय. तुमच्याच मतदारसंघातली पोरं त्या विमानांत बसतात. आणि संपादकसाहेब, तुम्हाला विनंती की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तीन गोष्टी नक्की छापा, किनाऱ्यापासून किती मैलांवर झालं, विमान आणि जहाजात किती अंतर होतं, आणि ते अंतर कोणी सांगितलं. आणि विमान टेहळणीचं असलं तर कृपया बरोबर फायटरचा फोटो लावू नका. पी-८आय मध्ये साधारण नऊ जणांचा क्रू असतो, बहुतेक जण स्क्रीनसमोर बसलेले, आणि समोरचं फायटर ४५ मीटरवर आलं तर त्यांना झटकन वळून निसटता येत नाही, सरळ उडत राहणं एवढंच त्यांच्या हातात असतं.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग